'आमची स्वतःची सीएमएस' नावाची थाप

नवी मुंबईत वेबसाइट करून देणाऱ्यांची कमतरता नाही. शाळा, पतपेढ्या, सोसायट्या, गणेशोत्सव मंडळं, डॉक्टर, क्लासेस, सगळ्यांना कुणी ना कुणी साइट करून दिलेली असते. त्यांची कोटेशन्स हातात आली की एक ओळ बहुतेक वेळा सापडतेच. 'आमच्या स्वतःच्या, खास विकसित केलेल्या सीएमएसवर आधारित.' माझा राग या एका ओळीवर आहे आणि आज शनिवार असल्यामुळे तो सविस्तर काढणार आहे. लायसन्स हा शब्द ऐकून ज्यांना जांभई येते त्यांनी आधी चहा टाकावा. विषय वाटतो तितका रुक्ष नाहीये.

ही 'स्वतःची' सीएमएस बघायची असेल तर पानावर राइट क्लिक करा आणि सोर्स बघा. वरच्या पाचपन्नास ओळींतच जनरेटर नावाचा एक टॅग असतो, तिथे जूमला किंवा वर्डप्रेस असं चक्क लिहिलेलं असतं. जरा हुशार माणूस असेल तर तो टॅग काढून टाकतो, पण फाइलींचे रस्ते बदलत नाही. 'डब्ल्यूपी-कंटेंट' दिसलं की वर्डप्रेस, पत्त्यात 'कॉम_कंटेंट' दिसलं की जूमला, 'साइट्स/डीफॉल्ट/फाइल्स' दिसलं की ड्रुपल. शेरलॉक होम्स व्हायची गरज नाही.

आता गैरसमज नको. वर्डप्रेस वापरून साइट करून देणं आणि त्याचे पैसे घेणं यात काडीचंही गैर नाही. लाखभर रुपये घ्या, तुमच्या कामाचं मोल तुम्ही ठरवा. जीपीएल या लायसन्सला त्यावर आक्षेप नाही. प्रत देण्याचे पैसे घेता येतात असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. फूटरमधली 'पॉवर्ड बाय' ही ओळ काढली तरी वर्डप्रेसची हरकत नाही. गैर आहे ते वेगळंच. गिऱ्हाइकाला त्याच्या हातात नेमकं काय आलंय हे कळूच द्यायचं नाही, म्हणजे त्याला आपले हक्कही कळत नाहीत, आणि मग दरवर्षी एएमसीची पावती फाडत राहायची.

नेरुळमधल्या एका वाचनालयाचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही, करून देणाऱ्याचंही सांगत नाही. 2009 साली त्यांची साइट झाली. कोटेशनमध्ये अर्थातच 'स्वतःची सीएमएस'. आत होतं जूमला 1.5, आणि त्यावर पुस्तकांच्या यादीसाठी लिहिलेला एक कंपोनंट. यादी मराठीत, लेखकवार, विषयवार शोधता येणारी. दोन निवृत्त शिक्षिकांनी ती दुपारी बसून वर्षभर टाइप केली होती. 2019 साली होस्टिंगवाल्याने पीएचपी 5 बंद केलं आणि साइट पडली, कारण जूमला 1.5 पीएचपी 7 वर चालतच नाही. त्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट 2012 मध्येच संपला होता. म्हणजे पुढची सात वर्षं एएमसी कसली घेतली हा प्रश्न आहेच, पण तो आपण सोडून देऊ. विक्रेत्याने सांगितलं, 'नवीन व्हर्जन घ्या,' आणि मूळ साइटच्या तिप्पट आकडा सांगितला. वाचनालयाचे चिटणीस काका म्हणाले, "नवीन नको, आमची यादी तेवढी द्या, आम्ही बघू काय करायचं ते." तर उत्तर आलं की सॉफ्टवेअर आमचं आहे, त्याचा कोड देता येणार नाही.

काकांनी मला फोन केला तेव्हा ते पडेल आवाजात म्हणाले, "अरे, करारात तसं लिहिलंच नाहीये ना, की कोड आमचा." आणि गंमत म्हणजे कायद्याने त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

हा भाग आपल्यातल्या भल्याभल्यांना माहीत नसतो, म्हणून थोडा थांबतो. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती' या व्याख्येत बसतो. (आपण जे लिहितो त्याला साहित्य म्हणणारी बहुधा ही एकच जागा.) कलम 17 प्रमाणे पहिला मालक लेखक. तुम्ही नोकरीत असताना लिहिलंत तर तुमची कंपनी. पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतलं तर? फोटो, चित्र, सिनेमा यांच्या बाबतीत पैसे देऊन करून घेणारा मालक होतो. प्रोग्रॅमचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे तुम्ही पैसे मोजले, पावती आहे, जीएसटी भरलाय, तरी लेखी हस्तांतर नसेल तर कॉपीराइट करून देणाऱ्याकडेच राहतो. लेखी हस्तांतर असलं आणि त्यात मुदत लिहिली नसली, तर कलम 19 ती 5 वर्षं धरतं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली, हा आपला साधा बाजारातला हिशेब इथे चालत नाही.

अशा वेळी वाचनालयाच्या मदतीला करार आला नाही, कायदाही आला नाही. आलं ते जीपीएल. कारण विक्रेत्याचा कंपोनंट हवेत उभा नव्हता. तो जूमलाच्या गाभ्यातले क्लास वाढवून, त्यांच्याच चौकटीत बसून चालत होता. अशा एक्स्टेन्शनला मूळ कोडचंच लायसन्स लागू होतं, अशी भूमिका जूमलाच्या मंडळींनी जून 2007 मध्ये जाहीरपणे घेतली होती. म्हणजे ही साइट होण्याच्या दोन वर्षं आधी. ड्रुपल आणि वर्डप्रेस यांची भूमिकाही तीच आहे. यावर वकील लोक वाद घालतात, घालू देत. पण ज्यांच्या कोडच्या जिवावर आपण धंदा करतो त्यांनी अट काय घातलीय हे तरी वाचावं की नाही?

अट अशी. जीपीएलखालचा कोड तुम्ही बदललात आणि दुसऱ्याला दिलात, तर त्या दुसऱ्याला सोर्सही मिळाला पाहिजे, आणि तो बदलण्याचा, पुढे देण्याचा हक्कही. वर आणखी निर्बंध लादता येत नाहीत. आणि सोर्स म्हणजे काय याचीही व्याख्या आहे: बदल करायला सोयीचं असं त्या कामाचं रूप. आयनक्यूबने एन्कोड करून ठेवलेली पीएचपी फाइल म्हणजे सोर्स नव्हे. उघडली की आत नुसती गिचमीड. ती बदलायची म्हणजे कुलूप लावलेल्या कपाटातलं पुस्तक वाचण्यासारखं.

इथे एक बारकावा आहे आणि सगळा खेळ त्याच्यावर आहे. जीपीएलची ही अट लागू होते ती कोड 'दिल्यावर'. विक्रेत्याने कोड स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून तुम्हाला फक्त सेवा पुरवली तर त्याने तुम्हाला कोड दिलाच नाही, आणि मग मागायचा हक्क नाही. हे भोक बुजवायला नोव्हेंबर 2007 मध्ये एजीपीएल नावाचं वेगळं लायसन्स आलं, पण या तिन्ही प्रसिद्ध सीएमएस साध्या जीपीएलवर आहेत. वाचनालयाचं नशीब असं की होस्टिंगचा खर्च वाचवायला विक्रेत्याने 2009 मध्ये खातं काकांच्या कार्डावर, वाचनालयाच्या नावाने उघडलं होतं. म्हणजे फाइली वाचनालयाच्याच जागेत होत्या. दिल्या गेल्या होत्या.

आम्ही एक पत्र लिहिलं. साधं, एक पानी, मराठीत, धमकी वगैरे काही नाही. तुमचा कंपोनंट जूमलावर आधारित आहे, जूमला जीपीएलवर आहे, प्रत आमच्या खात्यात आहे, तेव्हा एन्कोड न केलेला सोर्स द्यावा. तीन आठवडे गेले. मग एक फोन आला, ज्याचा सूर 'तुम्ही आयटीवाले उगाच लोकांना शिकवता' असा होता. आणि दोन दिवसांनी झिप फाइल आली. यादी वाचली. नव्या जूमलावर आणायला आणखी तीन रविवार गेले ते सोडा.

आता मुद्द्याकडे. 'ओपन सोर्स म्हणजे फुकट' ही आपल्याकडची समजूत इतकी घट्ट आहे की लायसन्सची खरी किंमत कुणाला दिसतच नाही. फुकटपणा साइट सुरू होते त्या दिवशी उपयोगी पडतो. लायसन्स उपयोगी पडतं ते करून देणारा निघून जातो, भांडतो किंवा कंटाळतो त्या दिवशी. आणि हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाहीये, या सीएमएसचा जन्मच तसा झालाय.

जूमलाचं बघा. आधी मॅम्बो नावाची सीएमएस होती, ऑस्ट्रेलियातल्या मिरो नावाच्या कंपनीची. ऑगस्ट 2005 मध्ये फाउंडेशनच्या कारभारावरून कंपनी आणि प्रोग्रॅमर यांच्यात फाटलं. नाव कंपनीचं, ब्रँड कंपनीचा. पण कोड जीपीएलवर. प्रोग्रॅमर मंडळी कोड घेऊन बाहेर पडली आणि सप्टेंबरमध्ये जूमला 1.0 हजर. नाव स्वाहिलीतल्या 'जुम्ला'वरून, अर्थ सगळे मिळून. स्वाहिलीत तो अरबीतून गेला आणि आपल्याकडेही तिथूनच आला. जुन्या मराठी हिशेबांत जुमला म्हणजे एकूण बेरीज. हिंदी बातम्यांमुळे बिचाऱ्या शब्दाची पार रया गेली, असो.

वर्डप्रेसची गोष्टही तीच. बी2 नावाचं ब्लॉगिंगचं सॉफ्टवेअर होतं, त्याचा कर्ता मागे पडला, तेव्हा मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड घेऊन 27 मे 2003 ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, ती लायसन्समध्येच होती. पुढे ड्रुपल 7 वरच राहायचं होतं त्यांनी बॅकड्रॉप काढलं, वर्डप्रेसचा 2018 मधला नवा ब्लॉक एडिटर ज्यांना झेपला नाही त्यांनी क्लासिकप्रेस. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स ज्या वर्डप्रेसवर चालतात ते म्हणजे एका सोडून दिलेल्या प्रोजेक्टचा कोड आहे. आणि आमचा सेक्टरातला विक्रेता त्याच्यावर कुलूप लावून म्हणतो, सॉफ्टवेअर आमचं!

माझे काही मित्र ऐरोली-महापेला नोकरी करून रात्री अशी कामं घेतात. त्यांच्याशी या विषयावर सानपाड्याच्या टपरीवर चांगलीच जुंपते. त्यांचा पहिला मुद्दा: "सोर्स दिला तर गिऱ्हाईक उद्या पाच हजारात दुसऱ्याकडे जाईल." जाईल, जाऊ दे ना. गिऱ्हाईक तुझ्याकडे थांबावं ते तुझं काम चांगलं म्हणून की दाराला बाहेरून कडी म्हणून? वर्डप्रेसच्या निर्मात्याची कंपनी ऑटोमॅटिक 2005 पासून आणि ड्रुपलच्या निर्मात्याची अक्विया 2007 पासून जीपीएल कोडवरच धंदा करतायत. दुसरा मुद्दा: "मग माझा सगळा कोड नेटवर टाकू का?" अरे बाबा, नाही. जीपीएल तसं म्हणतच नाही. ज्याला प्रत दिलीस त्याला सोर्स दे, बास. जगाला द्यायची सक्ती नाही. इतकं मूलभूत कलम न वाचता लोक लायसन्सच्या नावाने खडे फोडतात याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. परीक्षेला आपण याहून जास्त वाचून जायचो.

तिसरा मुद्दा: "ही कागदी लायसन्सं कोर्टात टिकत नाहीत." टिकतात. 2004 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने सिटकॉम कंपनीविरुद्ध जीपीएल ग्राह्य धरलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो असं सांगितलं. तिथलं लायसन्स वेगळं होतं, पण तत्त्व तेच. वाचनालयाला तर कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही.

आणि 'स्वतःची सीएमएस जास्त सुरक्षित' हा चौथा मुद्दा तर मला ऐकवतच नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपलमध्ये भयानक मोठं भोक सापडलं, तेव्हा त्यांनी स्वतः जाहीर केलं की सात तासांत पॅच लावला नसेल तर साइट फुटली असंच समजा. लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण सांगितली. 2012 ला मेलेलं जूमला 2019 पर्यंत चालवणाऱ्या आपल्या माणसाने वाचनालयाला काय सांगितलं होतं? काहीही नाही. त्यालाच तो सुरक्षा म्हणत होता.

अर्थात ओपन सोर्सवाले काही संत नाहीत. जूमला 1.5 मधून पुढच्या आवृत्तीत जाणं ही अपग्रेड नव्हतीच, जवळजवळ नवं घर बांधणं होतं; टेम्प्लेट फेका, एक्स्टेन्शन फेका. ड्रुपल 7 वरून 8 वर जाताना तोच छळ, म्हणून तर ड्रुपल 7 ला जानेवारी 2025 पर्यंत ओढावं लागलं. वर्डप्रेसमध्ये आज इतक्या वर्षांनीही मराठी-इंग्रजी अशी द्विभाषी साइट गाभ्यातून होत नाही, पॉलिलँग किंवा तत्सम प्लगइन लावावं लागतं. जूमलात ती सोय 2011 च्या 1.6 पासून आहे आणि ड्रुपल 8 मध्ये 2015 पासून अगदी उत्तम. महाराष्ट्रात साइट करणाऱ्याने हा फरक आधी बघायला हवा, पण बघतो तो थीम किती गुळगुळीत आहे ते. जूमला 1.5 ला मात्र एक श्रेय देतो. जानेवारी 2008 मध्ये ते आलं ते संपूर्ण यूटीएफ-8 घेऊन. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांच्या साइटी आपापले फॉन्ट वापरत होत्या. एकाचा मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसतं भजं. वाचनालयाच्या बाईंनी 2009 मध्ये टाइप केलेली यादी दहा वर्षांनी एकही काना-मात्रा न हलता बाहेर आली ती त्यामुळे.

लायसन्स काय काय वाचवत नाही, हेही सांगायलाच हवं. सप्टेंबर 2024 मध्ये मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जे भांडण पेटलं ते आठवा. भांडण ट्रेडमार्कवरून आणि पैशांवरून. कोड जीपीएलवरच राहिला, तो कुणी काढून घेऊ शकलं नाही. पण अपडेट जिथून येतात त्या वर्डप्रेसच्या सर्व्हरचं दार त्या कंपनीला बंद केलं गेलं आणि तिच्या गिऱ्हाइकांचे अपडेट अडले. डिसेंबरमध्ये कोर्टाने अंतरिम आदेश देऊन ते उघडायला लावलं. कोड मोकळा असला तरी नाव आणि सर्व्हर कुणाच्या तरी ताब्यात असतातच. आमच्या नेरुळच्या वाचनालयाला हे छोट्या प्रमाणात भोगावं लागलं: कोड मिळाला, पण डोमेन विक्रेत्याच्या नावावर होतं. त्यावर जीपीएलचं काही चालत नाही. शेवटी नवा पत्ता घ्यावा लागला, आणि पावती पुस्तकांवर रबरी शिक्का मारून जुना पत्ता खोडला.

सरकारचं काय? एनआयसीने 2012 मध्ये अमेरिकेबरोबर ओपन गव्हर्नमेंट प्लॅटफॉर्म केला, ड्रुपलवर. डेटा डॉट गव्ह डॉट इन त्यावरच उभं राहिलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. 2015 मध्ये केंद्राने धोरणच काढलं की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य, आणि ते टाळायचं तर कारण द्या. कागदावर उत्तम. आज जिल्ह्यांच्या साइटी एस3वास नावाच्या एनआयसीच्याच सेवेवर चालतात. नेरुळकर ठाणे जिल्ह्याच्या साइटवर जातो, खारघरकर रायगडच्या, आणि दोन्हींचा सोर्स बघितला तर तेच आपलं ओळखीचं 'डब्ल्यूपी-कंटेंट'. वर्डप्रेस वापरलं हे चांगलंच केलं. पण ही सेवा आहे, कोड कुणाला 'दिला' जात नाही, म्हणून वर सांगितलेलं भोक इथेही लागू. जीपीएल त्यांना थीमचा सोर्स उघडा करायला भाग पाडू शकत नाही. 2012 मध्ये जे स्वतःहून केलं ते आता का करू नये? सरकारी साइटसाठीचे नियम पाळणारी, मराठीत नीट चालणारी थीम करदात्यांच्या पैशांतून तयार झालेली असताना आमच्या ग्रामपंचायतीने, वाचनालयाने तीच पुन्हा विकत का घ्यायची?

तर तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायटीत, शाळेत, मंडळात पुढच्या कमिटी मीटिंगला वेबसाइटचा विषय येणार आहे, आणि 'तू आयटीत आहेस ना, तूच बघ' असं म्हणून तो तुमच्याच गळ्यात पडणार आहे, त्यांनी वर्क ऑर्डरमध्ये एवढं लिहून घ्या. डोमेन आणि होस्टिंग पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर, आणि त्यासाठीचा ईमेलही संस्थेचा, सेक्रेटरीच्या मुलाचा नव्हे. कोणती सीएमएस, कोणती आवृत्ती, तिचं लायसन्स कोणतं, हे नावानिशी. वर लिहिलेला नवा कोड त्याच लायसन्सखाली, एन्कोड न करता. आणि जो भाग त्यात येत नाही त्याचा कॉपीराइट लेखी, मुदत आणि प्रदेश घालून. डेटाबेसची प्रत दर तीन महिन्यांनी. विक्रेता प्रामाणिक असेल तर यातल्या एकाही ओळीला त्याची हरकत नसते. माझ्या माहितीतल्या दोघांनी तर बघताक्षणी सही केली. तिसऱ्याने मात्र 'आमची स्वतःची सीएमएस आहे, तिला हे लागू होत नाही' असं सांगितलं. त्याला मी त्याच्याच साइटचा सोर्स फोनवर उघडून दाखवला. ओळ क्रमांक सतरा.